उलटी बाजूच नसलेली साडी!

दोस्तांनो, जिला उलटी बाजूच नाही अशी साडी पाहिलीय का कधी? सुलटी कुठली आणि उलटी कुठली, ओळखूच येत नाही! अशी साडी आपल्या नाशिक जिल्ह्यातच विणतात बरं का, येवल्यात! ओळखा पाहू नाव... शाब्बास! पैठणी!

हातमागावर आधी रेशमाचे उभे धागे ताणून बसवतात. तो ताणा. त्यातून जाणारे आडवे धागे म्हणजे बाणा. एरवी बाणा या काठापासून त्या काठापर्यंत सरळ धावतो. पण पदरावर मोर हवा असेल तर?

तिथेच तर गंमत आहे! हिरव्या रेशमाची कांडी वेगळी, लालची वेगळी, निळ्याची वेगळी. मोराच्या गळ्याचा निळा धागा गळ्यापुरताच जातो आणि तिथूनच मागे फिरतो! फिरताना शेजारच्या सोनेरी जरीत अडकतो. फुगडी खेळताना आपण हातात हात गुंफतो ना, अगदी तस्सं! त्यामुळे मागे लोंबते धागे उरतच नाहीत. इकडूनही मोर, तिकडूनही मोर!

प्रत्येक ओळ अशी रंग बदलत हाताने भरायची. म्हणून तर भरगच्च नक्षीच्या पैठणीला कित्येक महिने लागतात!

आता चला समुद्रापार, इंडोनेशियातल्या जावा बेटावर! तिथे इवल्याशा तोटीच्या तांब्याच्या लेखणीने कापडावर चित्र काढतात. शाई कसली, सांगू? गरमागरम मेण! मग कापड रंगात बुडवतात. मेण असतं तिथे रंग शिरतच नाही! शेवटी कापड उकळलं की मेण निघून जातं आणि नक्षी उरते. हेच बाटिक! 2009 साली युनेस्कोनेही इंडोनेशियाच्या या कलेला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाचा मान दिला.

आणि ऐका! उत्तम बाटिकवर मेणाची तीच रेघ कापडाच्या मागूनही गिरवतात. म्हणजे यालाही उलटी बाजू नाही!

फार पूर्वी चीनचे व्यापारी तिकडे गेले आणि तिथेच संसार थाटून राहिले. त्यांचे वंशज म्हणजे पेरानाकान. त्यांच्या रंगीबेरंगी बाटिकवर चिनी गोष्टींतला फिनिक्स पक्षी उडतो. आपल्या पैठणीवर अजिंठ्याच्या लेण्यांतलं कमळ फुलतं! ज्याला जे आवडलं, ते त्याने कापडावर आणलं.

आता एक काम करा. घरात किंवा लग्नात पैठणी दिसली, की विचारून पदर हळूच उलटून बघा. मागे कापलेले धागे दिसले, तर ती यंत्रावरची नक्षी. मागेही तसाच मोर दिसला, तर समजा, ती हातमागाची खरी पैठणी!