कोनाले इचारून ठरोलं?

किन्हीराजा हे वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातलं गाव. इथं काय किंवा वऱ्हाडातल्या दुसऱ्या गावात काय, सिमेंटचा रस्ता झाला की पारावरचा पहिला प्रश्न खर्चाचा नसतो. "कोनाले इचारून ठरोलं?" रस्ता अगदी हवा तिथंच झाला असला, तरी.

याला निव्वळ तिरकसपणा म्हणू नका. बेंजामिन ओल्केन या अर्थशास्त्रज्ञानं इंडोनेशियातल्या ४९ गावांत हेच तपासलं. विकासनिधीतून कोणतं काम घ्यायचं, ते काही गावांत प्रतिनिधींच्या बैठकीत ठरलं, काही गावांत सगळ्यांच्या मतदानानं. कुठं कोणती पद्धत वापरायची, हे सोडत काढल्यासारखं ठरवलं होतं. त्यामुळे मुळातच खूश असलेली गावं एकाच बाजूला गोळा झाली, ही शंका उरत नाही. निष्कर्ष २०१० साली छापून आले. दोन्हीकडे निवडलेली कामं बहुतेक सारखीच! तरीही मतदान झालेल्या गावांत समाधान कितीतरी जास्त, आणि कामाला हातभार लावायची तयारीही.

टॉम टायलर या मानसशास्त्रज्ञानं १९८४ मध्ये शिकागोच्या १,५७५ रहिवाशांना पोलीस आणि न्यायालयांबद्दल विचारलं, तेव्हाही असंच दिसलं. निकाल आपल्या बाजूनं लागला का, यापेक्षा आपलं म्हणणं ऐकून घेतलं का, याला लोक अधिक वजन देत होते.

आपला कायदा हे जाणतो, पण अर्धवट. ग्रामसभेची गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांतली जी संख्या कमी असेल ती. तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. ठराव कायदेशीर होतो, गावाचा होत नाही.

याउलट 'आडवी बाटली', म्हणजे गावातलं दारूचं दुकान बंद करायचं मतदान. २००८ च्या आदेशानुसार दारूचं दुकान बंद करायला नोंदलेल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्यांहून अधिक मतं लागतात. झालेल्या मतदानाच्या नव्हे, एकूण नोंदीच्या. म्हणजे घरी बसलेली बाई दुकानाच्याच बाजूनं मोजली जाते. अट जाचक आहे, मान्य. पण बाटली एकदा आडवी झाली की "चार बायांनी ठरवलं" असं म्हणायची सोय राहत नाही.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हजेरीच्या वहीवर सही करण्याआधी एवढं करा: ठराव मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा.