जुने व्हिडिओ गेम आजही का चालतात?
व्यापारी व कारागीर बांधवांसाठी काही विचार

बाजारात माल दोन प्रकारचा असतो. एक, सीझन संपताच गोदामात पडून राहणारा. आणि दुसरा, चाळीस वर्षांनंतरही गिऱ्हाईक स्वतः विचारत येते असा. कापडाच्या धंद्यात हा फरक आम्ही रोज पाहतो. परंतु ज्या वस्तूला आपल्या घरांतून "पोरांचे खूळ" म्हणून हिणवले गेले, त्या व्हिडिओ गेममध्येही हाच फरक दिसून येतो. आज वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामांत खेळण्यांच्या ज्या पेट्या उतरतात, त्यांत "रेट्रो गेम" असे छापलेले डबेही असतात. आत तोच मारिओ आणि तोच कॉन्ट्रा! हा माल का टिकला, त्यातला कोणता टिकला नाही आणि त्याची तिजारत कोणत्या रीतीने करावी, हे आपण पाहू.

थोड्या धाग्यांत मोठे काम

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली फॅमिकॉम नावाचे यंत्र बाजारात आणले. "सुपर मारिओ ब्रदर्स" हा खेळ त्यावर १९८५ साली आला. हा अख्खा खेळ अवघ्या ४० किलोबाइट जागेत बसविलेला आहे. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटो त्याच्या कित्येक पट जागा घेतो. यंत्राला पडद्यावरचे चित्र आठ बाय आठ चौकटींचे तुकडे जोडून बनवावे लागे आणि एका तुकड्यात जमिनीचा रंग धरून चारच रंग वापरता येत.

जॅकार्डसाठी चौकटीच्या कागदावर नक्षा कसा भरतात हे ज्यांनी पाहिले आहे, त्या मोमिनपुरा आणि कामठीच्या विणकर घराण्यांना यातली मेहनत वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. मारिओच्या खेळात आभाळातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप यांचा आकार एकच आहे. ढगाला पांढरा रंग दिला, झुडपाला हिरवा. छिपा कारागीर एकच ठप्पा दोन रंगांत मारून दोन कापडे काढतो, तीच ही युक्ती होय. मारिओच्या डोक्यावर टोपी आहे, कारण एवढ्या थोड्या ठिपक्यांत केस दाखविणे अवघड होते. आणि मिशी आहे, कारण तिच्यामुळे नाक उठून दिसते. शिगेरू मियामोतो या त्याच्या निर्मात्यानेच हे कारण सांगितलेले आहे.

टेट्रिसची हकीकत अशीच आहे. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाजितनोव्ह यांनी हा खेळ ज्या संगणकावर तयार केला, त्याला चित्र दाखविताच येत नव्हते. त्यांनी कंसाची चिन्हे जोडून ठोकळे बनविले. त्यात कथा नाही, राजा नाही, शत्रू नाही. फक्त पडणारे ठोकळे नीट रचायचे. या खेळाची निन्टेन्डोच्या यंत्रावरची आवृत्ती १९८९ सालची. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील १३ वर्षांच्या एका मुलाने ती इतकी पुढे नेली की शेवटी खेळच बंद पडला. चौतीस वर्षांत कोणा खेळाडूने तिथपर्यंत मजल मारल्याची नोंद नव्हती. ज्या मालात एवढी वर्षे काहीतरी शिल्लक राहते, त्याला जुना म्हणावे की पक्का?

जे टिकले नाही

तथापि जुने ते सर्व सोने, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. पार्लरमध्ये नाणे टाकून खेळायचे गेम मुद्दाम कठीण केलेले असत, कारण खेळाडू लवकर हरला तरच दुसरे नाणे पडणार. त्यातले कित्येक घरच्या यंत्रावर आले तेव्हाही तो कठीणपणा तसाच राहिला. आजचा मुलगा दहा मिनिटांत कंटाळून उठतो आणि त्यात त्याचा दोष नाही.

"डक हंट" या खेळातली बदके मारायची बंदूक अनेकांना आठवत असेल. ती पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवरच चालते, कारण त्या पडद्यावर प्रकाश नेमका कोणत्या क्षणी उमटतो, यावर तिचा हिशेब आहे. आजच्या सपाट टीव्हीवर ती निकामी होते. शिवाय या सपाट टीव्हीत चित्र किंचित उशिरा उमटते. बटण वेळेवर दाबूनही मारिओ खड्ड्यात पडतो आणि ग्राहक दुकानदाराशी भांडतो. विकणाऱ्याने हे आधीच सांगितलेले बरे.

घाईचा माल कसा बुडतो याचे उदाहरण अमेरिकेच्या अटारी कंपनीचे आहे. १९८२ साली "ई.टी." या चित्रपटावरचा गेम सुमारे पाच आठवड्यांत तयार करवून घेण्यात आला. दिवाळीच्या तोंडावर आपल्याकडे होते तशी नाताळची गर्दी साधायची होती. कॅसेटी भरमसाट काढल्या, माल परत येऊ लागला आणि १९८३ साली न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे त्या कंपनीच्या कॅसेटी ट्रकांनी नेऊन कचऱ्याच्या खड्ड्यात गाडण्यात आल्या. २०१४ साली तो खड्डा उकरला तेव्हा त्यात ई.टी.च्या कॅसेटी निघाल्या. मागणीचा अंदाज न घेता ताग्यांचे ढीग उचलणाऱ्या प्रत्येकाने ही हकीकत लक्षात ठेवावी.

"९९९९९९ इन वन"चा हिशेब

आपल्या देशात १९९० च्या दशकात मीडिया, लिटल मास्टर, टर्मिनेटर अशा नावांची यंत्रे घरोघर पोचली. अस्सल जपानी यंत्र फार थोड्यांनी पाहिले. बहुतेकांनी खेळला तो त्याच्या नकलेवर. त्याबरोबर "९९९९९९ इन वन" असे छापलेली कॅसेट मिळे. लावून पाहिले तर मोजके गेम, आणि तेच पुन्हा पुन्हा नाव बदलून. मुलांनी हसून सोडून दिले. परंतु मोठ्यांनी विचार करावा, की आकडा फुगवून माल विकणे हे मापात मारण्यापेक्षा वेगळे आहे काय? माप कमी देणाऱ्यांना कुरआन मजीदमध्ये किती कडक ताकीद आहे, हे सूरह मुतफ्फिफीन पढणाऱ्यास ठाऊक आहे.

आजच्या "रेट्रो" डब्यातही पाचशे-सहाशे गेम परवानगीवाचून भरलेले असतात. यावर व्यापारी म्हणतो, "कंपनी स्वतः विकतच नाही, मग कोणाचे नुकसान?" त्याच्या म्हणण्यात अर्धे सत्य आहे. २०२३ साली अमेरिकेत झालेल्या एका पाहणीत असे आढळले, की तेथे २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज सरळ मार्गाने विकत मिळत नाहीत. मात्र मारिओ आणि कॉन्ट्रा त्या ८७ टक्क्यांत नाहीत. निन्टेन्डोने २०१६ साली आपले जुने ३० गेम एका लहान डब्यात घालून विकले, तर पहिल्या काही महिन्यांतच २० लाखांहून अधिक डबे खपले. कोनामीनेही २०१९ साली कॉन्ट्राचा संग्रह काढला. म्हणजे मालाचा मालक हयात आहे आणि दुकान मांडून बसला आहे. डिसेंबर १९८८ मध्ये कुवेत येथे भरलेल्या बैठकीत आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने लेखन, शोध आणि व्यापारी नाव यांवरील हक्क शरीअतच्या दृष्टीने संरक्षित ठरविले आहेत. देशाचा १९५७ चा कॉपीराइट कायदाही तेच सांगतो. दुसऱ्याच्या नावाचा शिक्का आपल्या ताग्यावर मारणे ज्यांना पसंत नाही, त्यांनी हा डबाही विकू नये.

एक सौदा, पूर्ण माल

जुन्या गेमचा एक गुण मात्र आजच्या धंद्याने गमावला आहे. एकदा किंमत दिली की पूर्ण खेळ आपला. आजचे कित्येक गेम फुकट देतात आणि मागून खिसा कापतात. "लूट बॉक्स" नावाच्या प्रकारात पैसे आधी भरायचे आणि आत काय निघेल ते नशिबावर! बेल्जियममध्ये २०१८ साली हा जुगारच ठरविण्यात आला. काय विकत घेतो आहोत हे गिऱ्हाइकाला माहीत नसेल, त्या सौद्याला आपल्या फिकहमध्ये गरर म्हणतात. आपल्या संसदेनेही ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला. खेळाचे व्यसन नमाज आणि अभ्यास बुडवते, हा दोष जुन्या गेमलाही लागू आहे. पण निदान तो मुलाला कर्जात लोटत नव्हता.

कारागिरांसाठी वाट

मग या बाजारात स्वच्छ कमाई कोठे आहे? दुरुस्तीत. या जुन्या कॅसेटमध्ये फिरणारा भाग नाही, म्हणून ती दशकानुदशके टिकते. बिघडतात त्या पिना, अडॅप्टर, कपॅसिटर आणि बटणाखालचे रबर. फुंकर मारून कॅसेट चालू होते हा समज चुकीचा. तोंडाच्या ओलाव्याने पिना गंजतात. स्पिरिट आणि मऊ कापसाने त्या साफ कराव्यात. काही कॅसेटींत पुढची खेळी जपण्यासाठी बारीक बॅटरी असते, ती मरते आणि बदलता येते. पिक्चर ट्यूबचा टीव्ही दुरुस्त करणारे हात आता विरळ होत चालले आहेत. ज्या उस्तादांकडे ते हुन्नर आहे, त्यांनी आपल्या मुलांना ते शिकवून ठेवावे.

परदेशी लिलावाच्या बातम्यांनी मात्र हुरळून जाऊ नये. जुलै २०२१ मध्ये मारिओची एक सीलबंद कॅसेट १५ लाख ६० हजार डॉलरला विकली गेली हे खरे. पण तो शौकिनांचा आणि सट्टेबाजांचा बाजार आहे, रोजीरोटीचा नव्हे.

बांधवांनो, चाळीस वर्षांपूर्वी चार रंगांत आणि ४० किलोबाइटमध्ये काम करणाऱ्यांनी साधनांची कमतरता पुढे करून हलका माल दिला नाही. आपल्या हातमागावर, शिलाई मशीनवर आणि दुकानाच्या गल्ल्यावर हीच गोष्ट लागू होते. माल पक्का असावा, मोजणी खरी असावी आणि सौदा उघड असावा. बरकत देणारा अल्लाहतआला आहे.