विद्या, श्रम आणि स्वशासन

इंदूरजवळील कस्तुरबाग्राम हे कस्तुरबा स्मारक निधीचे मुख्य केंद्र होय. ग्रामसेविकांच्या शिक्षणात अभ्यासाला श्रमाची जोड देण्याचा तेथील विचार ज्या प्रवाहातून आला, त्याचा उगम वर्ध्याजवळील सेवाग्रामात आहे. त्याचे मर्म आम्ही येथे थोडक्यात सांगू इच्छितो.

1937 च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने नयी तालीमची योजना आखली. सेवाग्रामात तिला आकार दिला तो आशादेवी व त्यांचे पती ई. डब्ल्यू. आर्यनायकम् यांनी. आर्यनायकम् हे श्रीलंकेतील तमिळ ख्रिस्ती होते. स्वातंत्र्यानंतर क्वेकर पंथाच्या मार्जरी साइक्स याही तेथे अध्यापनास आल्या.

विद्यार्थी शेतात राबत, सूत कातीत, स्वयंपाक व सफाई पाळीपाळीने करीत. गणित व विज्ञान यांचे धडे त्याच कामातून मिळत. परंतु या शिक्षणाचा प्राण स्वशासनात होता. विद्यार्थ्यांची आमसभा आपले मंत्री स्वतः निवडी आणि सोपविलेल्या कामाचा जाब त्यांना विचारी. दुसऱ्याने लादलेले श्रम ही वेठ होते. सर्वांनी मिळून वाटून घेतलेले श्रम ही जबाबदारी होते.

पुढे अनेक मूलोद्योग शाळांनी टकळी उचलली, पण आमसभा मागे ठेवली. कताई हा केवळ एक तास उरला आणि योजना निष्प्राण झाली.

हा इशारा आम्हांसही आहे. वसतिगृहातील भाजीचा हिशेब ज्यांच्या हाती आम्ही देत नाही, ते उद्या मंडळीचा कारभार कसा सांभाळतील?