वारली समाजातील लग्नविधी : धवलेरी, लग्नचौक आणि लांबणीवर पडलेले लग्न

प्रस्तावना

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार या प्रदेशाच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ३७ टक्के आहे. वारली, कोकणा, मल्हार कोळी, ठाकूर, कातकरी अशा अनेक जमाती येथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आल्या आहेत. त्यांपैकी वारली समाज हा त्याच्या चित्रकलेमुळे जगभर परिचित झाला. तथापि ज्या विधीतून ही चित्रकला जन्मास आली त्या लग्नविधीविषयी सुशिक्षित वर्गात बरेच अज्ञान, आणि क्वचित गैरसमजही, आढळतात.

त्यांपैकी सर्वांत रूढ गैरसमज असा की, वारली स्त्रीपुरुष 'लग्नाशिवाय' एकत्र राहतात. सामूहिक विवाहसोहळ्यांत मुलाबाळांसह बोहल्यावर उभ्या राहणाऱ्या जोडप्यांची छायाचित्रे प्रसिद्ध होतात तेव्हा 'आदिवासींचे लिव्ह-इन' असा मथळा देण्याचा मोह अनेकांना आवरत नाही. हा मथळा चुकीचा आहे. वारली समाजात संसार मांडणे आणि लग्न लागणे या दोन वेगवेगळ्या घटना आहेत व दोहोंना समाजाची मान्यता आहे. त्या दोहोंमध्ये पडणारे अंतर कशामुळे पडते आणि त्याचा भार कोणावर येतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लग्नविधीचे स्वरूप

वारली लग्न हे ब्राह्मण पुरोहितावाचून लागते. लग्न लावण्याचा अधिकार धवलेरीकडे असतो. धवलेरी ही स्त्री असते, हे विशेष. गावातील इतर देवकार्ये, आजारपण, भूतबाधा, वाघदेवाची पूजा ही भगताची म्हणजे पुरुषाची कामे. लग्न मात्र स्त्रीच्या मुखातून लागते. देवदेवतांची नावे घेत, त्यांना लग्नाचे आवतण देत ती गाणी म्हणते आणि त्या गाण्यांच्या क्रमानेच विधी पुढे सरकतो. लिखित मंत्र नाहीत, पोथी नाही. सारी संहिता धवलेरीच्या स्मरणात असते. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना येथे महदंबेच्या 'धवळ्यां'चे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. तेराव्या शतकातील महानुभाव कवयित्रीने रुक्मिणीस्वयंवरावर रचलेली ती गीते वरासंबंधीची, म्हणजे लग्नगीतेच होत. 'धवळे' आणि 'धवलेरी' या शब्दांचे नाते उघड दिसते. ज्या गीतप्रकाराला मराठी साहित्याच्या इतिहासात आद्य कवयित्रीची रचना म्हणून मानाचे स्थान दिले जाते, त्याच नावाशी जोडलेली एक जिवंत परंपरा डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर चालत आली, याकडे मराठीच्या अध्यापनात फारसे लक्ष गेलेले नाही.

धवलेरीच्या गाण्याबरोबर लग्नचौक लिहिला जातो. झोपडीच्या आतील भिंत शेणामातीने व गेरूने सारवून घेतात आणि तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगात बांबूची काडी बुडवून सवासिनी त्यावर चौक काढतात. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी असते. ही वनस्पतिसृष्टीची, सुफलतेची देवता होय. चौकाच्या चौकटीत व भोवती सूर्य, चंद्र, फणी, शिडी, झाडे, घोड्यावर बसलेले वधूवर अशा आकृती येतात. शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या देव असतो. पालघट उपस्थित झाल्यावाचून लग्न लागत नाही, अशी श्रद्धा आहे. म्हणजे चौक ही सजावट नव्हे. ती देवतेची प्रतिष्ठापना आहे. १९७० च्या दशकात अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या वतीने भास्कर कुलकर्णी यांनी या भागात कागद व रंग पोहोचविले, पुढे जिव्या सोमा मशे (१९३४-२०१८) यांच्यासारख्या कलावंतामुळे ही चित्रे देशोदेशी गेली आणि भिंतीवर सवासिनींनी लिहिलेला चौक कागदावर मुख्यतः पुरुषांच्या हाती आला. कलेच्या दृष्टीने ही घटना मोठी आहेच. परंतु कागदावरील चित्राने लग्न लागत नाही, एवढा भेद लक्षात ठेवावयास हवा.

लग्नसराई भातशेतीच्या चक्राला बांधलेली असते. कणसरी म्हणजे धान्यदेवता; पीक घरात येऊन कणसरीचा मान झाल्यावरच लग्नाचा विचार होतो. मांडव, हळद, नाच, ताडी, आप्तेष्टांचे व पाड्याचे जेवण असे हे कार्य काही दिवस चालते. वधूपित्याने हुंडा द्यावयाचा नसतो. उलट वरपक्ष वधूपक्षाला देज देतो. मुलगी ही कष्टकरी असल्याने तिच्या जाण्याने तिच्या घराची हानी होते, हा त्यामागील विचार आहे.

संसार आधी, लग्न नंतर

एवढा खर्च एका हंगामात उभा करणे बहुसंख्य कुटुंबांना शक्य नसते. म्हणून मधला मार्ग रूढ झाला. मुलाकडची मंडळी मागणी घालावयास जातात, वडीलधारे पाड्यातील मंडळींसमक्ष बोलणी करतात, ताडी किंवा दारू वाटली जाते आणि मुलगी नांदावयास येते. येथून त्यांचा संसार सुरू होतो. या संबंधातून झालेली मुले समाजाच्या दृष्टीने अनौरस ठरत नाहीत. लग्न मात्र बाकी राहते, आणि ही 'बाकी' खरोखरच बाकी असते. मुलांचे लग्न करावयाचे तर आईबापांचे आधी लागलेले असावे लागते. त्यामुळे मुलाच्या मांडवात त्याच्या आईवडिलांचेही लग्न लावून घेण्याचे प्रसंग येतात. ज्या स्त्रीचे लग्न लागलेले नाही ती सवासीन म्हणून इतरांचा चौक लिहू शकत नाही. म्हणजे लांबलेल्या लग्नाची किंमत सामाजिक विधीत स्त्रीलाच अधिक मोजावी लागते.

ही रीत केवळ वारल्यांची नव्हे. झारखंडमधील उराव व मुंडा समाजांत गावजेवण देता न आल्याने लग्नाविना राहिलेल्या स्त्रियांना 'ढुकू' म्हणतात, आणि तेथे तर या शब्दाला हीनपणाची छटा आहे. वारली समाजाने त्या मानाने अशा जोडप्याला अधिक सहजतेने सामावून घेतलेले दिसते.

लग्नगडी

खर्च पेलत नाही म्हणून लग्न लांबवावयाचे, हा एक पर्याय झाला. दुसरा पर्याय कर्जाचा होता, आणि त्याचा इतिहास भीषण आहे. स्वातंत्र्यपूर्व काळात डहाणू व उंबरगाव तालुक्यांत जमीनदार-सावकाराकडून लग्नासाठी रक्कम घेणारा वारली त्याचा 'लग्नगडी' होत असे. कर्ज फिटेपर्यंत त्याने सावकाराच्या शेतात व घरी राबावयाचे. मोबदला म्हणजे पोटापुरते धान्य. लग्न करून आणलेली पत्नीही त्याच्याबरोबर राबे. हिशेब सावकाराच्या वहीत, अंगठा वारल्याचा. त्यामुळे कर्ज फिटत नसे आणि बाप मेल्यावर ते मुलाच्या मानेवर बसे. म्हणजे जो विधी माणसाला समाजात पूर्णत्व देतो, त्याच विधीच्या दिवशी तो गुलाम होत असे. ठाणे जिल्ह्यातील आदिवासींच्या पिळवणुकीची नोंद डी. सिमिंग्टन यांच्या १९३९ च्या शासकीय अहवालातही झालेली आहे. म्हणजे सरकारला हे ठाऊक नव्हते असे नाही.

१९४५ साली दोन घटना जवळजवळ एकाच वेळी घडल्या. के. जे. सावे यांचा 'द वारलीज' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आणि ज्यांचे रीतिरिवाज त्यात वर्णिले होते ते वारली त्याच वर्षी उठून उभे राहिले. २३ मे १९४५ रोजी झरी येथे शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली परिषद भरली आणि वेठ व लग्नगडी पद्धत मोडण्याचा निर्धार झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मरण पावले. गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) या पुस्तकात या लढ्याची हकीकत सांगितली आहे. या उठावाचा विचार सहसा जमीन, गवतकापणीची मजुरी आणि वेठबिगार यांच्या अनुषंगाने होतो. तो विवाहसंस्थेच्या इतिहासातीलही एक टप्पा आहे, हे क्वचितच सांगितले जाते.

शेजारच्या दक्षिण गुजरातेत दुबळा समाजातील 'हाळी' हा बहुधा लग्नाच्या कर्जानेच अनाविल ब्राह्मण जमीनदाराशी बांधला जाई. यान ब्रेमन यांच्या १९७४ च्या अभ्यासामुळे ती पद्धत समाजशास्त्राच्या अभ्यासकांस परिचित आहे. बिहारमधील 'कमिया' याचीही तीच कथा. लग्न हा गरिबाच्या आयुष्यातील असा एक खर्च आहे की जो टाळला तर माणूस समाजातून वजा होतो. सावकाराने नेमके हेच हेरले होते. हे पाहता, लग्न पुढे ढकलून संसार मांडण्याच्या रीतीने किती जोडप्यांना लग्नगडी होण्यापासून वाचविले असेल, याचा अंदाजच केलेला बरा. बाहेरच्यांना जी सैल नीती वाटली, ती प्रत्यक्षात कर्जापासूनची ढाल होती असे मानावयास जागा आहे.

बोईसर-तारापूर : रोख मजुरीचा काळ

१९६९ साली तारापूरचे अणुविद्युत केंद्र सुरू झाले आणि पुढे बोईसर येथे औद्योगिक वसाहत उभी राहिली. भातशेती, गवत आणि जंगल यांवर जगणाऱ्या पाड्यांतील तरुण कंत्राटी कामगार झाले. हाती रोख पैसा आला. त्याबरोबर छापील पत्रिका, बँड, डीजे, भाड्याच्या खुर्च्या हेही आले. लग्नाचा खर्च कमी झाला नाही, त्याचे स्वरूप बदलले. धवलेरीला मान आहे, पण तिची गाणी ध्वनिवर्धकाच्या आवाजापुढे ऐकू येत नाहीत, ही तक्रार अतिशयोक्त म्हणता येणार नाही. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी गुन्हा ठरली. तरीही वसई, भिवंडीकडील वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कुटुंबांना, विशेषतः कातकऱ्यांना, मालकाकडून मिळणारा 'बयाणा' अनेकदा लग्नकार्यातच खर्च होतो आणि संपूर्ण हंगाम तो फेडण्यात जातो. लग्नगडी हा शब्द गेला. त्यामागील गणित पुरते गेलेले नाही.

कायदा आणि कागद

हिंदू विवाह कायदा, १९५५ हा कलम २(२) नुसार, केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्याखेरीज अनुसूचित जमातींना लागू होत नाही. त्यांचे विवाह रूढीने चालतात. परंतु सर्वोच्च न्यायालयाने सुरजमणी स्टेला कुजूर प्रकरणात (२००१) स्पष्ट केल्याप्रमाणे, रूढीचा आधार घेणाऱ्याने ती रूढी सिद्ध करावी लागते. ते प्रकरण संथाळ-उराव दाम्पत्याचे होते व त्यात दाद मागणाऱ्या पत्नीस दुसऱ्या विवाहाविरुद्ध रूढी सिद्ध करता आली नाही. वारली स्त्रीपुढे हीच अडचण उभी राहते. नांदावयास आल्याचा कागद नसतो. चौक दुसऱ्या सारवणाबरोबर नाहीसा होतो. नवरा कंपनीतील अपघातात गेला, किंवा त्याने दुसरी स्त्री आणली, तर पंधरा वर्षांच्या संसाराचा पुरावा तिने कोठून आणावा? पाड्यावर जिला कोणी बायको म्हणून नाकारत नाही, तिला भरपाईच्या कार्यालयात मात्र नाते सिद्ध करावे लागते.

सामूहिक विवाहांचा उपयोग येथे आहे, हे मान्य करावयास हवे. खर्च वाचतो, प्रमाणपत्र मिळते. मात्र प्रमाणपत्रावर तारीख पडते ती सोहळ्याची, संसाराची नव्हे. त्यामुळे शाळेत जाणारी मुले कागदोपत्री विवाहापूर्वीची ठरतात. शिवाय आदिवासींसाठीच्या सामूहिक विवाहाच्या शासकीय योजनेला 'कन्यादान' हे नाव आहे. ज्या समाजात मुलगी दान केली जात नाही, तिच्यासाठी देज मोजले जाते, तेथे हे नाव देताना कोणास काही खटकले नसावे, याचेच आश्चर्य वाटते. अशा सोहळ्यांत मंगलाष्टके होतात, धवलेरीला क्वचितच पाचारण होते.

पालघर जिल्ह्याचा बराचसा भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १९९६ च्या पेसा कायद्याने तेथील ग्रामसभेला आपल्या रूढी-परंपरा जपण्यास सक्षम मानले आहे. संसार केव्हा सुरू झाला आणि लग्न केव्हा लागले, या दोन्ही तारखा पाड्यातील वडीलधाऱ्यांच्या व धवलेरीच्या साक्षीने ग्रामसभेच्या वहीत नोंदविल्या, तर रूढी सिद्ध करण्याचा भार एकट्या स्त्रीवर पडणार नाही. त्यासाठी वेगळ्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. वही आणि ग्रामसभेचा ठराव एवढ्यावर हे काम सुरू होऊ शकते.