राष्ट्रसंत तुकडोजी महाराज : खंजिरी, भजन आणि लोकप्रबोधन

प्रस्तावना

कवी, गायक आणि वादक या तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीत एकवटलेले लोककलावंत अनेक देशांत आढळतात. अझरबैजानमध्ये 'साझ' या तंतुवाद्याच्या साथीने काव्य गाणाऱ्यास 'आशिक' म्हणतात. युनेस्कोने २००९ मध्ये या कलेचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. वऱ्हाडात हाच त्रिवेणी संगम राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या ठायी दिसतो. त्यांच्या काव्याचा अभ्यास खंजिरीला वगळून पूर्ण होऊ शकतो काय, या प्रश्नाचा प्रस्तुत लेखात विचार केला आहे.

जीवनपट

माणिक बंडोजी इंगळे यांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली येथे झाला. त्यांचे शालेय शिक्षण अल्पच झाले. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू होत. १९३५ मध्ये त्यांनी मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापन केला. १९४२ च्या चिमूर-आष्टी उठावामागे त्यांच्या भजनांची प्रेरणा मानली जाते. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने त्यांना कारावासात टाकले. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरी येथे त्यांचे महानिर्वाण झाले.

खंजिरी आणि काव्यरचना

लाकडी कड्यावर ताणलेले चामडे आणि कडेला झणत्कारणाऱ्या धातूच्या चकत्या, एवढेच खंजिरीचे स्वरूप. ती एका हातात मावते आणि तिला बैठकीची गरज नसते. त्यामुळे भजन मंदिराबाहेर, गावाच्या चौकात आले. ठेक्याला अनुसरून चरण आटोपशीर झाले. ध्रुपद वारंवार परतून येत असल्याने निरक्षर श्रोताही ते सहज उचलून धरी. श्रोता सहगायक झाला की व्यसनमुक्ती, ग्रामसफाई, अस्पृश्यतानिवारण हे विषय केवळ उपदेश राहत नाहीत. गाणाऱ्याच्या तोंडून ते त्याचा स्वतःचा निर्धार म्हणून उमटतात. तुकडोजींच्या लोकप्रबोधनाचे मर्म येथे आहे.

वारसा

१९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ग्रामगीते'त ४१ अध्याय आहेत. या ग्रंथासाठीही महाराजांनी सामूहिक पठणास सोयीचा ओवी छंदच योजला. २००५ मध्ये नागपूर विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले. गुरुदेव सेवा मंडळांच्या सामुदायिक प्रार्थनेतून त्यांचा स्वर आजही ऐकू येतो.

निष्कर्ष

छापील संहिता शब्द जपते. ठेका, चाल आणि समूहाचा प्रतिसाद मात्र तिच्यात उतरत नाही. हे घटक जुन्या भजनी गायकांच्या स्मृतीत आहेत आणि त्यांच्यासोबतच लुप्त होण्याचा धोका आहे. म्हणून पातूरसारख्या तालुक्यांतील महाविद्यालयांच्या मराठी व संगीत विभागांनी परिसरातील भजनांचे ध्वनिमुद्रण आणि चालींची नोंद हाती घेणे अगत्याचे ठरते.