शेवटच्या खिडकीचे गणित

बुद्धिबळाचा डाव संपला की मोहरी पेटीत जातात आणि कोण जिंकले एवढेच मागे उरते. व्हिडिओ खेळांचे तसे नाही. डाव संपला तरी तेथे एक खातेवही उघडीच असते. अमुक इतके सामने जिंकले, अमुक शत्रूला एकही फटका न खाता हरवले, अमुक इतक्या वस्तू गोळा केल्या, अशा नोंदी तीत होत राहतात. या नोंदींना खेळणारे ‘अचीव्हमेंट’ म्हणतात, आणि त्या सगळ्याच्या सगळ्या मिळवायच्या असा चंग बांधणारी मंडळी जगभर आहेत. कदाचित तुमच्या वर्गातही असतील.

ही कल्पना तशी जुनी आहे. १९८२ साली अ‍ॅक्टिव्हिजन कंपनीचा ‘पिटफॉल’ नावाचा खेळ निघाला. त्यात वीस हजार गुण झाले की टेलिव्हिजनच्या पडद्याचे छायाचित्र काढून कंपनीला टपालाने पाठवायचे आणि कंपनी कापडी बिल्ला धाडायची! २००५ साली मायक्रोसॉफ्टच्या ‘एक्सबॉक्स ३६०’ या यंत्राने हीच नोंद यंत्रातच ठेवायला सुरुवात केली आणि टपालखर्च वाचला.

आज आपण एकाच खेळाची खातेवही उघडून पाहू. जपानच्या निन्टेंडो कंपनीच्या ‘वी’ या यंत्रासाठी २००८ साली आलेला हा खेळ म्हणजे ‘सुपर स्मॅश ब्रदर्स ब्रॉल’. या मालिकेचा पहिला खेळ १९९९ चा. त्याचा कच्चा नमुना मासाहिरो साकुराई आणि सातोरू इवाता या दोघांनी तयार केला होता. मांडणी साकुराईंची, संगणकाची आज्ञावली इवातांची. हेच इवाता पुढे २००२ साली निन्टेंडोचे अध्यक्ष झाले.

खेळ चौघांनी एकत्र बसून खेळायचा, हसतखेळत. अधांतरी चौथऱ्यांवर पात्रे उभी असतात आणि एकमेकांना धक्के देत असतात. नेहमीच्या मारामारीच्या खेळात फटका बसला की शक्तीची पट्टी कमी होत जाते. येथे उलट आहे. फटक्यागणिक पात्राच्या नावापुढचा टक्क्यांचा आकडा वाढतो, आणि तो जितका मोठा तितके पुढच्या फटक्याने पात्र लांब फेकले जाते. पडद्याच्या हद्दीबाहेर गेले की बाद.

या खेळात आव्हानांची एक भिंत आहे. तीत १२८ खिडक्या. एकेक आव्हान पुरे केले की एकेक काच फुटते, आत बक्षीस असते, आणि शेजारच्या खिडक्यांत काय मागितले आहे ते वाचता येते. भिंत पूर्ण फोडायला किती वेळ लागेल? असा प्रश्न विचारला की बहुतेक जण म्हणतात, निम्मी भिंत दहा दिवसांत फुटली तर सगळी वीस दिवसांत फुटेल. त्रैराशिक! पण येथे त्रैराशिक साफ फसते. का, ते पाहण्यासारखे आहे, कारण भिंतीवरची आव्हाने एका जातीची नाहीत.

पहिली जात सर्वांत सोपी. ती फक्त वेळ मागते. इतके सामने खेळा, की झाले. याचे उत्तम उदाहरण याच मालिकेतल्या २००१ सालच्या ‘मेली’ या खेळात सापडते. तेथे ‘म्यूटू’ नावाचे लपलेले पात्र मिळवण्याचा एक मार्ग म्हणजे आपसातील सामन्यांचे एकूण वीस तास भरणे. पण हे तास खेळाडूंमागे मोजले जातात. चौघे खेळत असतील तर पाच तासांतच काम होते! तुमच्या अंकगणितातील काळ-काम-वेगाचे उदाहरणच हे. चार गवंडी, एक भिंत. हुशार मुलांनी लगेच ताडले की खेळायचीही गरज नाही. चार नियंत्रक यंत्राला जोडायचे, अमर्याद वेळेचा सामना सुरू करायचा आणि झोपी जायचे. अशा अचीव्हमेंटने नेमके काय सिद्ध होते, हे तुम्हीच ठरवा. माझ्या मते विजेचे मीटर चालू आहे, एवढेच.

दुसरी जात नशिबाची, आणि तेथेच खरे गणित आहे. ब्रॉलमध्ये ७०० प्रकारची स्टिकरे गोळा करायची असतात. कोणते स्टिकर हाती येईल ते आपल्या हातात नसते. तुमच्या वडिलांना विचारा. त्यांच्या लहानपणी बबलगमच्या वेष्टनात क्रिकेटपटूंची चित्रे यायची. सुरुवातीला रोज नवा खेळाडू मिळायचा. पुढे तोच तो गोलंदाज पाच-पाच वेळा.

आधी लहान उदाहरण घेऊ. एक फासा घ्या आणि सहाही आकडे निदान एकदा पडेपर्यंत टाकत राहा. सरासरी किती वेळा टाकावा लागेल? पहिल्या वेळी जो पडेल तो नवाच, म्हणून १. आता सहांपैकी पाच आकडे नवे आहेत. म्हणजे नवा पडण्याची संभाव्यता पाच-षष्ठांश. तो यायला सरासरी सहा-पंचमांश, म्हणजे १.२ वेळा टाकावे लागते. तिसऱ्यासाठी १.५, चौथ्यासाठी २, पाचव्यासाठी ३ आणि सहाव्यासाठी चक्क ६. बेरीज १४.७. म्हणजे एकट्या शेवटच्या आकड्याने एकूण श्रमांपैकी चाळीस टक्के श्रम खाल्ले.

हीच रीत ७०० स्टिकरांना लावा. सर्व स्टिकरे सारख्याच संभाव्यतेने मिळतात असे धरू. प्रत्यक्षात काही दुर्मीळ असली तर काम आणखीच लांबते. ७०० ला गुणायचे ते १ + १/२ + १/३ असे करीत १/७०० पर्यंतच्या बेरजेने. ही बेरीज हाताने करीत बसू नका. अठराव्या शतकात ऑयलरने तिच्यावर काम करून ठेवले आहे. ७०० चा नैसर्गिक लॉगॅरिथम घ्यायचा, ६.५५१, आणि त्यात ०.५७७ मिळवायचे. हा दुसरा आकडा म्हणजे ऑयलरचा स्थिरांक. बेरीज आली सुमारे ७.१३, आणि ७०० ने गुणले की सुमारे ४,९९०.

सातशे वस्तूंसाठी पाच हजार प्रयत्न! त्यांची विभागणी तर आणखी नवलाची आहे. पहिली ३५० स्टिकरे सुमारे ४८५ प्रयत्नांत हाती येतात. उरलेल्या ३५० साठी सुमारे ४,५०० लागतात. मिनिटाला एक स्टिकर मिळते असे धरले, तर निम्मा संग्रह आठ तासांत आणि दुसरा निम्मा पंचाहत्तर तासांत. दहा दिवस अधिक दहा दिवस, या त्रैराशिकाचे काय झाले ते पाहिलेत? एकट्या शेवटच्या स्टिकरासाठी सरासरी ७०० प्रयत्न. त्यातले सहाशे वाया गेले तरी उरलेली सरासरी १०० होत नाही. ती ७०० च राहते. फाशाला स्मरण नसते. परीक्षेच्या आदल्या रात्री ‘आता एकच तर राहिले आहे’ म्हणून जागणाऱ्या मुलाने हे एक वाक्य भिंतीवर लिहून ठेवावे, असे मला वाटते. त्याचे एक म्हणजे साडेअकरा तास आहेत.

तिसरी जात कौशल्याची. तिचे गणित वरवर नशिबासारखेच दिसते, पण आतून अगदी वेगळे आहे. भिंतीवरची एक कुप्रसिद्ध खिडकी मागते की दहा महाशत्रूंना ओळीने हरवा, तेही सर्वांत अवघड पातळीवर. जीव एकच. वाटेत बरे होण्यासाठी तीन औषधी हृदये मिळतात, आणि ‘टाबू’ नावाचा शत्रू नेहमी शेवटी येतो. समजा, प्रत्येक शत्रूला हरवण्याची तुमची संभाव्यता ०.८ आहे. वाईट नाही, शाळेत ऐंशी टक्के म्हणजे विशेष प्रावीण्य! पण दहाही जिंकण्याची संभाव्यता ०.८ चा दहावा घात, म्हणजे ०.१०७. नऊ-दहा प्रयत्नांत एकदा. (एका लढतीतील जखमा पुढच्या लढतीत सोबत येतात, म्हणून हा हिशेब अंदाजाचाच.) आता सराव करून ०.८ चे ०.९ करा. दहावा घात ०.३४९ होतो. कौशल्य आठवा हिस्सा वाढले आणि यश तिपटीहून अधिक झाले. स्टिकरांच्या बाबतीत पाच हजार वेळा हात घालूनही संभाव्यता तसूभर हलत नाही. येथे मात्र प्रत्येक पराभव तुम्हाला काही शिकवतो आणि पुढच्या प्रयत्नाची संभाव्यता बदलतो.

शिकायचे काय, असे विचाराल. त्या जगाचे नियम! ते आपल्या जगाचे नाहीत. गॅलिलिओने सांगितले की हवेचा अडथळा नसेल तर जड आणि हलके पदार्थ सारख्याच त्वरणाने पडतात. स्मॅश मालिकेत प्रत्येक पात्राला गुरुत्वत्वरण वेगळे दिलेले आहे. मेलीमध्ये फॉक्सचा भार ७५ आणि बाउझर या अजस्र प्राण्याचा ११७. तरी पडण्याची कमाल गती फॉक्सची २.८ आणि बाउझरची १.९ आहे (ही त्या खेळातील एकके). जिग्लीपफ हा ६० भाराचा गोळा तर १.३ ने तरंगत खाली येतो. शिवाय हवेत असताना आधाराशिवाय दुसरी उडी मारता येते. संवेग अक्षय्यतेचा नियम तेथे गुंडाळून ठेवलेला दिसतो.

मग भाराचा उपयोग काय? तो फक्त फटका खाताना कामाला येतो. खेळाडूंनी मोजमापे करून आणि आज्ञावली उलगडून फेकले जाण्याचे सूत्र शोधून काढले आहे. त्यात भारासाठी एक गुणक आहे: २०० भागिले (भार + १००). मारिओचा भार १००, म्हणून त्याचा गुणक बरोबर १. जिग्लीपफचा १.२५, बाउझरचा ०.९२. न्यूटनच्या हिशेबाने सारख्याच आवेगाने जिग्लीपफने बाउझरच्या जवळजवळ दुप्पट वेग घ्यायला हवा, कारण ११७ भागिले ६० म्हणजे १.९५. या गुणकाच्या हिशेबाने तो फक्त १.३६ पट घेतो. छेदात मिळवलेल्या त्या शंभराने जडत्वातला फरक बोथट केला आहे. न्यूटनच्या नियमाने खेळ केला असता, तर सगळ्यांनी बाउझरच निवडला असता आणि चौघांचा खेळ चार दिवसांत संपला असता. येथे न्यूटनला थोडे वाकवले ते बरेच झाले, असे भौतिकी शिकवणारा असूनही मी म्हणेन.

हे कळल्यावर भिंतीवरच्या ‘होम-रन’ च्या खिडक्या पाहा. एक वाळूचे पोते, एक बॅट आणि दहा सेकंद. पोत्याला आधी भरपूर मारून टक्के वाढवायचे आणि अखेरच्या क्षणी बॅटने लांब धाडायचे. नवखा मुलगा लगेच बॅट उचलतो. जाणता मुलगा शेवटच्या सेकंदापर्यंत टक्के साठवतो. त्याला ठाऊक असते की फेकल्याचा वेग खेळात दर चौकटीला ठरावीक प्रमाणात घटतो आणि सेकंदाला साठ चौकटी असतात. एकसारख्या मंदनाने थांबणाऱ्या एस.टी.चे सूत्र तुम्ही शिकला आहात: अंतर हे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणजे वेग दहा टक्के वाढला की अंतर एकवीस टक्के वाढते. तो मुलगा हे सूत्र मांडत नसेल, पण त्याच्या बोटांनी प्रयोगाने ते शोधलेले असते. मग तोच मुलगा पाठ्यपुस्तकातील मंदनाला का घाबरतो, हा प्रश्न शिक्षकांसाठी.

खेळ करणाऱ्यांना हे तिन्ही प्रकार चांगले माहीत असावेत. कारण भिंतीतच त्यांनी पाच सोनेरी हातोडे लपवले आहेत. हातोडा मारला की आव्हान पुरे न करताच काच फुटते. पाच म्हणजे १२८ पैकी चार टक्केही नाहीत. पण हिशेब करा. स्टिकरांना असे पाच हातोडे चालले असते आणि ते शेवटच्या पाचांसाठी राखले असते, तर ७०० गुणिले (१ + १/२ + १/३ + १/४ + १/५), म्हणजे सुमारे १,६०० प्रयत्न वाचले असते. एकूण श्रमांचा जवळजवळ तिसरा हिस्सा! आरंभीच्या पाचांवर उधळले असते तर पाचच वाचले असते. पुष्कळ खेळाडूंनी आपला हातोडा दहा महाशत्रूंच्या खिडकीवर मारला. मी असतो तर तो केवळ सामने मोजणाऱ्या एखाद्या खिडकीवर मारला असता. दहा शत्रूंची काच स्वतः फोडण्यात निदान ०.८ चे ०.९ होते.

आता फासा हातात घ्या. वर्गातील चाळीस जणांनी प्रत्येकी सहाही आकडे पडेपर्यंत तो टाकावा आणि आपापली संख्या फळ्यावर लिहावी. सरासरी १४.७ च्या आसपास येईल. पण एखाद्याची संख्या तिसाच्याही पुढे गेलेली असण्याची बरीच शक्यता आहे. त्याचा फासा खोटा आहे असा आरोप करण्यापूर्वी, एखादा ठरावीक आकडा तीस वेळा टाकूनही न पडण्याची संभाव्यता काढा, तिला सहाने गुणा आणि मग चाळीसाने.