साजाच्या पोटातली लाख

कोल्हापूरच्या गुजरीत साज घ्यायला गेलेलं माणूस सोन्याचा भाव विचारतं, घडणावळ विचारतं. मण्याच्या पोटात काय आहे, हे फारसं कुणी विचारत नाही. तिथं लाख असते, आणि साजाचा डौल तिच्यामुळेच टिकतो.

एक जवमणी चिमटीत धरून पाहा. जवाच्या दाण्यासारखा, दोन्ही टोकांना निमुळता. सोन्याचा पत्रा इतका पातळ की मणी पोकळ ठेवला तर बोटाच्या दाबानं चेपेल. लाख उष्णतेनं मऊ होते, कानाकोपऱ्यात शिरते आणि गार झाली की कडक होऊन बसते. मग मणी भरदार दिसतो, गळ्याला हलका लागतो. थोड्या सोन्यात घसघशीत दागिना, ही कारागिराची हुशारी आहे. तिला फसवणूक म्हणणं मला पटत नाही.

ही लाख खाणीतून येत नाही. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक इवलासा कीटक रस शोषत बसतो आणि स्वतःभोवती राळेचं कवच करतो. मादी एकदा बसली की जन्मभर जागा सोडत नाही. झारखंड आणि छत्तीसगडचे शेतकरी किडे असलेल्या काड्या, म्हणजे बीजलाख, नव्या फांद्यांना बांधतात. पिलं तिथं पसरतात, कवचं धरतात. पुढं फांद्या तोडून लाख खरवडायची, धुवायची, वितळवून चपडा करायचा. रांचीजवळ नामकुमला १९२४ पासून लाखेवर संशोधन चालू आहे. पळस आपल्या विदर्भातही रानोमाळ फुलतो, पण फुलांकडे पाहताना फांदीवरची लाख कुणाच्या ध्यानात येत नाही.

लाक्षागृहाची गोष्ट लहानपणी ऐकलेल्यांना लाख आगीला किती लवकर वश होते ते माहीत आहे. दागिन्याच्या बाबतीतही तेच. साज गरम पाण्यात उकळू नका. सेंटमधल्या स्पिरिटमध्ये लाख विरघळते, म्हणून सेंट आधी लावा, साज नंतर घाला.

आणि एक विनंती. साज, ठुशी, काहीही घ्या. बिलावर सोन्याचं आणि लाखेचं वजन वेगवेगळं लिहून मागा.